मणका, गादी आणि नस : वऱ्हाडातील कण्याच्या उपचारांचा शब्दांगाने इतिहास

रोगाचा इतिहास सामान्यतः वैद्य, औषधे व शस्त्रक्रिया यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. परंतु रुग्ण आपले दुखणे ज्या शब्दांत सांगतो, त्या शब्दांनाही इतिहास असतो. आणि उपचार कोणाकडे व केव्हा घ्यावयाचा, हे पुष्कळदा तेच शब्द ठरवितात. अमरावती व अकोला या जिल्ह्यांत पाठीच्या कण्यासंबंधी रूढ असलेली शब्दावली या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

१

ग्रंथांतील ‘पृष्ठवंश’ या शब्दात वंश म्हणजे वेळू. पेरापेराने जोडलेला, ताठ तरी लवणारा. ‘मणका’ हा शब्द मण्यांच्या माळेची आठवण देतो. वऱ्हाडी उच्चारात ‘ण’चा ‘न’ होऊन तो ‘मनका’ होतो. सुश्रुतसंहितेत पृष्ठवंशाच्या भग्नासाठी ‘कपाटशयन’ सांगितले आहे : रुग्णास फळीवर निजवून, खुंट्यांच्या आधाराने बांधून निश्चल ठेवणे. मोडलेला भाग हलू द्यावयाचा नाही, हे तत्त्व आजही अबाधित आहे.

लोकभाषेतील क्रियापदे निराळाच विचार सांगतात. उसण ‘भरते’, कंबर ‘धरते’, चमक ‘निघते’. वेदना ही बाहेरून शरीरात शिरलेली वस्तू आहे, अशी कल्पना या प्रयोगांच्या मुळाशी दिसते. शिरलेली वस्तू बाहेर घालविता येते. म्हणूनच पायाळू माणसाचा पाय पाठीस लावून घेण्याची महाराष्ट्रभर आढळणारी रूढी या भाषेशी सुसंगत ठरते. स्नायूची साधी लचक बहुधा काही दिवसांत आपोआप बरी होते आणि श्रेय पायाळूस मिळते. तथापि हीच रीत मणका मोडलेल्या अथवा किडलेल्या रुग्णास लावली गेली, तर अनर्थ ओढवतो.

२

आधुनिक उपचार वऱ्हाडात उशिरा पोचले. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला व बडनेरा या स्थानकांवरून नागपूरपर्यंत गेला. पुढे अवघड रुग्णांची वाटही तीच झाली. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे, सेवाग्रामचे १९६९ चे. प्रत्यक्ष अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये, अकोल्यास शासकीय महाविद्यालय २००२ मध्ये, तर अमरावतीस शासकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. तोपर्यंत अकोल्याच्या रुग्णास नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर दूर होते.

या अंतरात शब्दांनी निर्माण केलेल्या अंतराची भर पडली. मणक्याचा क्षय हे त्याचे ठळक उदाहरण. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने १७७९ मध्ये कुबड व पायांची दुर्बलता यांचा संबंध वर्णिला. क्षयाचा जंतू कॉखने १८८२ मध्ये दाखविला. लोकव्यवहारात मात्र ‘क्षय’ म्हणजे खोकला व छाती. ज्याला खोकला नाही त्यालाही क्षय असू शकतो, हे त्या शब्दातून सूचित होत नाही. रात्री ठणकणारी पाठ, बारीक ताप व घटणारे वजन ही लक्षणे म्हणूनच ‘कष्टाची पाठदुखी’ या नावाखाली दडून राहतात.

औषधे येण्यापूर्वी अशा रुग्णास महिनोन्महिने, क्वचित वर्षानुवर्षे, निश्चल निजवून ठेवीत. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसीन हाती आले. १९५६ मध्ये हाँगकाँगच्या हॉजसन व स्टॉक यांनी समोरील बाजूने रोगग्रस्त मणक्यापर्यंत जाण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. उलट वाराणसीच्या सु. म. तुली यांनी १९७५ मध्ये ‘मध्यम मार्ग’ मांडला : प्रथम औषधे, मज्जारज्जूवरील दाब ओसरत नसेल किंवा कणा अस्थिर असेल, तरच शस्त्र. बहुसंख्य रुग्ण औषधांनी बरे होतात, हे आज सर्वमान्य आहे. मात्र औषध वेळेवर सुरू व्हावे लागते.

३

‘गादी सरकली’ हा प्रयोग तुलनेने अलीकडचा. दोन मणक्यांमधील चकती फुटून तिचा गर मज्जातंतूवर दाब देतो, हे मिक्स्टर व बार यांनी १९३४ मध्ये दाखविले. इंग्रजीतच या विकारास ‘स्लिप डिस्क’ हे लौकिक नाव पडले व मराठीने त्याची ‘गादी’ केली. वास्तविक गादी सरकत नाही. ती फुगते वा फाटते. परंतु सरकलेली वस्तू जागेवर बसविता येते, हा अर्थ क्रियापदानेच पुरविला आणि हाडवैद्याच्या हिसक्यास तर्काचा आधार मिळाला.

‘नस दबली’ या प्रयोगाची गतही तशीच. ‘नस’ हा शब्द रक्तवाहिनी व मज्जातंतू या दोहोंसाठी चालतो. रक्त अडले असेल तर चोळून मोकळे होईल, ही समजूत त्यातून उपजते. अशा बहुतेक रुग्णांची वेदना काही आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून ओसरते, म्हणून एरवी फारसे बिघडत नाही. मात्र बैठकीचा भाग बधिर होणे, लघवी अडणे व पाय लुळे पडणे ही लक्षणे दिसली, तर शस्त्रक्रिया तातडीने व्हावी लागते. नेमक्या याच लक्षणांचे शब्द घरात, विशेषतः स्त्रियांकडून, संकोचाने उच्चारले जात नाहीत. येथे मौनाची किंमत जन्मभराची असते.

दीर्घकालीन कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात व्यायाम व रुग्णशिक्षण यांचा पुरस्कार आहे. पट्टे व वजन लावून ताण देणे यांचा नाही. अमरावतीत ‘व्यायाम’ शब्दास १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे विशेष प्रतिष्ठा आहे. परंतु त्या शब्दाने जोर, बैठका व मल्लखांब डोळ्यांपुढे येतात. दुखऱ्या पाठीने करावयाच्या सावकाश हालचाली येत नाहीत. तेव्हा तो शब्दही उलगडून सांगावा लागतो.

४

झाडावरून, विहिरीत वा वाहनावरून पडून मज्जारज्जूस इजा झाली, म्हणजे प्रश्न केवळ शस्त्रक्रियेचा राहत नाही. पडलेल्यास हातापायांना धरून उचलले, की वाचलेला रज्जूही तुटू शकतो. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. पण ती येईपर्यंत त्यास हलवू नये, आणि हलविणे अटळच झाले तर सुश्रुताची फळीच तारक.

पुढील शुश्रूषेचा पाया लुडविग गुटमान यांनी १९४४ पासून इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे घातला : दर दोन तासांनी कूस बदलणे, मूत्राशयाची निगा, आणि काम व खेळ. त्यापूर्वी असे रुग्ण शय्याव्रण व मूत्रदोष यांनीच दगावत. त्यांच्या खेळांतून पॅरालिंपिक स्पर्धा उदयास आल्या. १९६५ च्या युद्धात कण्यात गोळी लागलेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले. विदर्भापुरते पाहता, कण्याच्या विकाराने बसणेही अशक्य झालेल्या बाबा आमटे यांनी १९८५ मध्ये कन्याकुमारीहून निघालेली भारत जोडो यात्रा वाहनात आडवे पडून केली. ‘कंबरडे मोडणे’ म्हणजे सर्वनाश, हा भाषेतील निवाडा या दोन चरित्रांनी खोटा ठरविला.

यावरून लोकभाषा अज्ञानाची आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. ‘उसण’, ‘चमक’, ‘मुंग्या’, ‘बधिर’ या शब्दांत वेदनेचे भेद सूक्ष्मपणे नोंदलेले आहेत. जेथे शब्द अपुरा आहे, तेथे प्रश्नाने ती उणीव भरून काढता येते. दुखणे रात्री वाढते काय, ताप येतो काय, पायातील जोर कमी झाला काय, लघवी साफ होते काय : हे चार प्रश्न वऱ्हाडीत, रुग्णाच्या शब्दांत विचारले गेले, तर रोगनिदानास पुष्कळ साहाय्य होईल. अकोला व अमरावतीच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी अशा शब्दांचा संग्रह सिद्ध करणे, हे बोलीभाषेच्या अभ्यासकांचेही कर्तव्य ठरते.