योद्धादर्जा पुनर्विलोकन न्यायाधिकरण

क्यूबातील ग्वांतानामो उपसागरावर अमेरिकी नौदलाचा तळ आहे. तेथे डांबलेली व्यक्ती ‘शत्रुयोद्धा’ आहे की नाही, हे ठरविण्यासाठी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने नेमलेली ही लष्करी चौकशी-व्यवस्था. संरक्षण उपमंत्री पॉल वुल्फोविट्झ यांच्या ७ जुलै २००४ च्या आदेशाने ती अस्तित्वात आली. मार्च २००५ पर्यंत चाललेल्या पहिल्या फेरीत ५५८ कैद्यांची प्रकरणे तिच्यापुढे आली. ५२० जणांवरील शत्रुयोद्ध्याचा शिक्का कायम राहिला, ३८ जणांचा पुसला गेला. हे फौजदारी न्यायालय नव्हते. येथे गुन्हा शाबीत होत नसे की शिक्षा सुनावली जात नसे. निर्णय विरुद्ध गेला, की लढाई संपेपर्यंतची कैद वैध ठरे. ही लढाई कधी संपणार हे कोणालाच सांगता येत नसल्यामुळे ती कैद प्रत्यक्षात बेमुदत होती.

पार्श्वभूमी : ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकी काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांना बळाचा वापर करण्याचा अधिकार दिला. त्या अधिकाराखाली अफगाणिस्तानात आणि अन्यत्र धरलेल्या लोकांपैकी पहिले २० जण ११ जानेवारी २००२ रोजी ग्वांतानामोला आणले गेले. पुढे तेथील कैद्यांची एकूण संख्या ७८० च्या घरात गेली. यांतील बहुतेकांना अमेरिकी सैनिकांनी रणांगणावर पकडलेले नव्हते. पाकिस्तानी यंत्रणांनी किंवा अफगाण नॉर्दर्न अलायन्सने त्यांना अमेरिकेच्या हवाली केले होते आणि त्या काळात संशयितांना पकडून देणाऱ्यांना मोठ्या बक्षिसांची आमिषे दाखविणारी पत्रके त्या भागात वाटली जात होती. त्यामुळे खरा लढवय्या कोण आणि वैरापायी किंवा पैशासाठी पकडून दिलेला कोण, हा प्रश्न सुरुवातीपासूनच कळीचा होता.

या प्रश्नाला आंतरराष्ट्रीय कायद्यात उत्तर होते. १९४९ च्या तिसऱ्या जिनीव्हा कराराच्या कलम ५ नुसार, पकडलेल्या व्यक्तीच्या दर्जाबद्दल शंका असेल तर सक्षम न्यायाधिकरणाने निर्णय देईपर्यंत तिला युद्धकैद्याचे संरक्षण मिळते. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी सैन्याने अशा सुमारे १,२०० सुनावण्या घेतल्या आणि त्यांतून अनेक विस्थापित नागरिक वेगळे काढले. मात्र ७ फेब्रुवारी २००२ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी अल-कायदाला हा करार लागू होत नाही आणि तालिबानी सैनिक युद्धकैदी ठरत नाहीत, असे सरसकट ठरवून टाकले. माणसागणिक चौकशी व्हायची ती झालीच नाही. अटकेची जागा, साक्षीदार आणि आठवणी ताज्या असतानाची वेळ हातची गेली.

स्थापना : २८ जून २००४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. रसूल विरुद्ध बुश खटल्यात ग्वांतानामोच्या कैद्यांना अमेरिकी न्यायालयांत हेबिअस कॉर्पसची, म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाची, याचिका करता येते असे ठरले. हमदी विरुद्ध रम्सफेल्ड खटल्यात अमेरिकी नागरिक असलेल्या बंदिवानाला आपल्यावरील आरोपांचा आधार समजला पाहिजे आणि तटस्थ निर्णायकापुढे तो खोडून काढण्याची संधी मिळाली पाहिजे, असे न्यायमूर्ती सॅंड्रा डे ओ’कॉनर यांनी नमूद केले. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांत न्यायाधिकरणांचा आदेश निघाला. ज्यांच्या दर्जाची चौकशी व्हायची, ते सर्व कैदी खात्यातील अनेक पातळ्यांवरील छाननीत आधीच शत्रुयोद्धे ठरले आहेत, असे त्याच आदेशात लिहिले होते. चौकशी करणाऱ्या कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाती वरिष्ठांचे उत्तर आधीच पडले होते.

रचना व कार्यपद्धती : प्रत्येक न्यायाधिकरणात तीन लष्करी अधिकारी असत, त्यांतील एक लष्कराच्या विधी शाखेचा असे. पुरावा मांडण्याचे काम ‘रेकॉर्डर’ करी. कैद्याला वकील मिळत नसे. त्याऐवजी एक लष्करी अधिकारी ‘व्यक्तिगत प्रतिनिधी’ म्हणून दिला जाई. तो वकील नसे आणि कैद्याने त्याच्यापाशी बोललेले गुप्त ठेवण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते. शत्रुयोद्ध्याची व्याख्या ऐसपैस होती : तालिबान, अल-कायदा किंवा अमेरिकेशी लढणाऱ्या त्यांच्या सहयोगी दलांचा घटक असलेली अथवा त्यांना पाठबळ देणारी कोणतीही व्यक्ती. निर्णय बहुमताने होई. पुराव्याचे पारडे ज्या बाजूला झुकेल तिकडे कौल. सरकारचा पुरावा मुळात खरा व अचूक मानला जाई आणि तो खोडण्याचा भार कैद्यावर पडे. ऐकीव पुरावा चाले. गोपनीय पुरावा न्यायाधिकरण पाही, कैद्याला मात्र तो दाखविला जात नसे. त्याच्या हाती केवळ अगोपनीय सारांश येई. साक्षीदार ‘वाजवी प्रयत्नांत उपलब्ध’ असेल तरच बोलावला जाई. सीटन हॉल विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाने २००६ मध्ये उपलब्ध कागदपत्रे तपासली, तेव्हा तळाबाहेरच्या साक्षीदारांसाठी कैद्यांनी केलेली प्रत्येक मागणी नाकारली गेल्याचे आढळले.

सुनावणीचे एक उदाहरण : सुनावणी लहानशा खोलीत होई आणि कैद्याला बेड्यांनी जमिनीशी जखडलेले असे. बोस्नियातून आणलेल्या एका अल्जिरियन कैद्याला सांगण्यात आले, की बोस्नियात असताना त्याचे अल-कायदाच्या एका ज्ञात हस्तकाशी संबंध होते. त्याने त्या हस्तकाचे नाव विचारले. आपल्याला ते ठाऊक नाही, असे अध्यक्षांनी सांगितले. मग मी उत्तर काय देऊ, असे कैद्याने विचारले. हा माणूस कोण हे सांगा, म्हणजे तो माझ्या ओळखीचा होता की नाही आणि असलाच तर तो दहशतवादी होता की नाही हे मी सांगेन, ही त्याची विनवणी होती. नाव अखेरपर्यंत सांगितले गेले नाही आणि तो शत्रुयोद्धा ठरला. वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायाधीश जॉइस हेन्स ग्रीन यांनी ३१ जानेवारी २००५ च्या निकालात हा संवाद सविस्तर उद्धृत केला आणि ही कार्यपद्धती घटनात्मक न्याय्य प्रक्रियेत बसत नाही असा निर्णय दिला. याच कैद्यासह बोस्नियातून आणलेल्या पाच जणांच्या सुटकेचा आदेश न्यायाधीश रिचर्ड लिऑन यांनी नोव्हेंबर २००८ मध्ये दिला. तोवर त्यांच्या कैदेला जवळजवळ सात वर्षे झाली होती.

आतून आलेली साक्ष : लेफ्टनंट कर्नल स्टीफन एब्रहॅम हे राखीव दलातील गुप्तवार्ता अधिकारी आणि पेशाने वकील. या व्यवस्थेत काम केलेल्या एब्रहॅम यांनी जून २००७ मध्ये प्रतिज्ञापत्र दिले. पुरावा मोघम आणि अपुरा असे आणि ‘शत्रुयोद्धा नाही’ असा निर्णय झाल्यास वरून विचारणा होई, असे त्यांनी सांगितले. ते स्वतः सदस्य असलेल्या न्यायाधिकरणाने एका कैद्याबद्दल असाच एकमुखी निर्णय दिला होता. प्रकरण पुन्हा उघडायला लावूनही तो बदलला नाही. नंतर दुसऱ्या न्यायाधिकरणाने तो फिरविला. आपल्याच खात्याविरुद्ध दिलेली ही साक्ष महत्त्वाची ठरली. ग्वांतानामोच्या कैद्यांच्या हेबिअस कॉर्पसच्या हक्काबद्दलचा बुमेदिएन खटला ऐकण्यास एप्रिलमध्ये नकार दिलेल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच जूनमध्ये तो दाखल करून घेतला.

कायदे व न्यायालयीन निकाल : काँग्रेसने डिसेंबर २००५ च्या कायद्याने या निर्णयांची मर्यादित तपासणी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाकडे सोपविली आणि ऑक्टोबर २००६ च्या लष्करी आयोग कायद्याने हेबिअस कॉर्पसचा मार्ग बंद केला. १२ जून २००८ रोजी बुमेदिएन विरुद्ध बुश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो पुन्हा खुला केला. या न्यायाधिकरणांच्या निष्कर्षांत चुकीचा धोका मोठा आहे आणि ती, पुढच्या तपासणीसह, हेबिअस कॉर्पसला पुरेसा पर्याय ठरत नाहीत, असे न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी बहुमताच्या निकालात म्हटले. त्याच महिन्यात अपील न्यायालयाने हुझैफा पारहत या चिनी उइगुर कैद्याविषयीचा न्यायाधिकरणाचा निर्णय अवैध ठरविला. तोच आरोप अनेक कागदांत आला एवढ्याने तो विश्वसनीय होत नाही, असा अपील न्यायालयाच्या निकालाचा आशय होता. पारहत व अन्य तिघांना जून २००९ मध्ये बर्म्युडात आसरा मिळाला.

नंतरची व्यवस्था : ओबामा प्रशासनाने मार्च २००९ मध्ये ‘शत्रुयोद्धा’ ही संज्ञा न्यायालयीन युक्तिवादातून काढली. मार्च २०११ च्या आदेशाने नियतकालिक पुनर्विलोकन मंडळे नेमली गेली. कैद्यापासून अमेरिकेच्या सुरक्षेला अजून मोठा धोका आहे का, एवढेच ती पाहतात. मूळ अटक योग्य होती का, हा प्रश्न न्यायालयाकडे राहिला. जानेवारी २०२५ मध्ये ग्वांतानामोत १५ कैदी उरले होते.

मूल्यमापन : युद्धात शत्रूला अडकवून ठेवण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे आणि रणांगणावर फौजदारी न्यायालयाइतक्या काटेकोर पुराव्याची अपेक्षा कोणी करीत नाही. पण त्या अधिकाराचे समर्थन एकाच गोष्टीवर टिकते : पकडलेला माणूस खरोखर शत्रू असला पाहिजे. ते तपासायचे तर आरोप त्याला कळायला हवा, त्याच्या बाजूने कोणी बोलायला हवे आणि निर्णय देणाऱ्यावर वरिष्ठांच्या मताचे ओझे असता कामा नये. या तिन्ही गोष्टी येथे नव्हत्या. आखाती युद्धात वाळवंटी छावण्यांमध्ये जे काम याच सैन्याने वेळीच केले, ते ग्वांतानामोत अडीच वर्षे उशिरा आणि ठरलेले उत्तर समोर ठेवून झाले. त्याची किंमत निरपराधांनी वर्षानुवर्षे कैदेत राहून मोजली आणि खऱ्या दोषींवरचे खटलेही त्यामुळे रखडले.