टांगलेला आवाज : कर्ण्यापासून लाइन अ‍ॅरेपर्यंतचा इतिहास

(१)
बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळ असो वा वऱ्हाडातील दुसरे कोणतेही मोठे गाव असो. हरिनाम सप्ताह, लग्न, निवडणुकीची सभा यांपैकी काहीही असले तरी मंडपाच्या कामात एक काम ठरलेले असते : ध्वनिक्षेपक उंचावर बांधणे. कर्णा देवळाच्या शिखराशेजारी, खांबावर नाहीतर कडुनिंबाच्या फांदीवर चढतो. हे दृश्य इतके अंगवळणी पडले आहे की त्यालाही इतिहास आहे, हे ध्यानात येत नाही. आवाज वर का टांगला गेला, कोणी टांगला आणि टांगताना काय पणाला लागते, हे या धाग्यात पाहू.

(२)
विजेपूर्वीचा सार्वजनिक आवाज हा माणसाच्या छातीतला आवाज होता. दवंडी पिटणारा चौकाचौकांत थांबे. कीर्तनकाराच्या मागे टाळकरी उभे राहत आणि ध्रुपद उचलून धरत. संगीत रंगभूमीवरचे नट शेवटच्या रांगेपर्यंत स्वर पोहोचवण्याची तालीम करत. परंतु श्रोते हजारांवरून लाखांवर जाऊ लागले, तेव्हा मानवी गळ्याची मर्यादा उघडी पडली. सभेला माणसे येत, वक्ता दिसे, शब्द मात्र पुढच्या काही रांगांतच विरून जात.

(३)
या अडचणीवरचा पहिला मोठा तोडगा अमेरिकेतून आला. कॅलिफोर्नियातील नापा येथे पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी चलकुंडलावर चालणारा ध्वनिक्षेपक घडवला व त्याला ‘मॅग्नाव्हॉक्स’ असे नाव दिले. २४ डिसेंबर १९१५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोर नाताळच्या पूर्वसंध्येचा कार्यक्रम त्यावरून प्रचंड समुदायाला ऐकवण्यात आला. १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सॅन दिएगो येथील क्रीडांगणात काचेच्या कक्षात उभे राहून सुमारे ५० हजार लोकांपुढे भाषण केले, ते याच यंत्रणेच्या साहाय्याने.

(४)
त्या काळच्या यंत्रांना तोंडाशी रुंदावत जाणारे नळकांडे असे. यामागे शास्त्र आहे. लहान पडदा थरथरला तरी मोकळ्या हवेला तो पुरेसा ढकलू शकत नाही. हळूहळू रुंदावणारी नळी पडदा आणि हवा यांची सांधेजोड करते आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज देते. तुतारी आणि रणशिंग यांतही हेच तत्त्व आहे. म्हणूनच मराठी माणसाने या परदेशी यंत्राला एका जुन्या सुषिर वाद्याचे नाव सहज देऊन टाकले : कर्णा.

(५)
भारतात हा आवाज सार्वजनिक जीवनात आणणाऱ्यांत मोटवाने घराण्याचे नाव अग्रभागी आहे. ज्ञानचंद मोटवाने यांनी १९०९ मध्ये सिंधमधील सक्कर येथे व्यवसाय सुरू केला. पुढे तो कराचीमार्गे मुंबईत आला आणि ‘शिकागो रेडिओ’ या नावाने ओळखला जाऊ लागला. गांधीजींना एकाच सभेत एका व्यासपीठावरून दुसऱ्यावर जाऊन बोलावे लागते, हे पाहून पुत्र नानिक मोटवाने यांना सभांसाठी ध्वनिक्षेपण उभारण्याची कल्पना सुचली, अशी हकीकत सांगितली जाते. १९३० च्या दशकापासून काँग्रेसच्या अधिवेशनांत त्यांची यंत्रणा दिसू लागली. गांधी-नेहरूंची जुनी छायाचित्रे निरखून पाहा. मायक्रोफोनवरील ‘शिकागो’ ही अक्षरे अनेक ठिकाणी दिसतील.

(६)
ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’चा ठराव झाला, तेव्हाही ध्वनिक्षेपणाची व्यवस्था शिकागो रेडिओकडेच होती. त्यानंतर काही आठवड्यांत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. नोव्हेंबरात तो पकडला गेला आणि त्या खटल्यातील आरोपींत नानिक मोटवाने हेही होते. पुढे त्यांची सुटका झाली. आवाज दूरवर पोहोचवण्याचे साधन कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न राज्यकर्त्यांना किती महत्त्वाचा वाटत होता, हे यावरून कळते.

(७)
राजकारण शहराबाहेर पडत होते. डिसेंबर १९३६ मध्ये बुलढाण्याच्या शेजारच्या, तेव्हाच्या पूर्व खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. खेड्यातल्या सभेला ना सभागृह, ना भिंत, ना छत. आवाज परत फेकणारे काहीच नसल्यामुळे तो मोकळ्या रानात निघून जातो. शिवाय वीज नसे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले तेच मुळी १९६० साली. म्हणून खेड्यांतील ध्वनिक्षेपण दीर्घकाळ बॅटरीवर चालले, आणि कमी शक्तीत जास्त आवाज देणारा कर्णाच तेथे टिकला. १९४० पासूनच्या ‘अहुजा’ या नावाची पेटी तर गावोगावच्या मंडपवाल्याची ओळख बनली.

(८)
आता मूळ प्रश्न : वर का टांगायचा? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी ६ डेसिबलने उतरते. ध्वनिक्षेपक व्यासपीठावर, श्रोत्यांच्या कानाच्या उंचीवर ठेवला, तर ३ मीटरवरच्या आणि ४८ मीटरवरच्या श्रोत्यांत २४ डेसिबलचा फरक पडतो. पुढचा कान झाकून घेतो, मागचा कान टवकारतो. तोच ध्वनिक्षेपक कानाच्या पातळीपासून ९ मीटर उंच टांगला, तर पुढच्या श्रोत्याचे अंतर साडेनऊ मीटर आणि मागच्याचे सुमारे ४९ मीटर होते. फरक १४ डेसिबलवर येतो. शक्ती तीच, यंत्र तेच. केवळ उंचीने न्याय होतो.

(९)
दुसरे कारण साधे आहे. दाट गर्दीतून आडवा जाणारा आवाज डोकी आणि कपडे शोषून घेतात, आणि त्यातही बारीक व्यंजने आधी हरवतात. ‘स’, ‘श’, ‘च’ हरवले की शब्द ऐकू येतो पण कळत नाही. वरून तिरपा येणारा आवाज प्रत्येक कानापर्यंत मोकळ्या वाटेने पोहोचतो.

(१०)
गावभर लांबलचक तारा ओढण्याची एक युक्तीही इथेच समजून घ्यावी. ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकाला ५० वॅट देण्यासाठी २० व्होल्ट आणि अडीच अँपियर लागतात. तीच शक्ती १०० व्होल्टने पाठवली तर अर्धा अँपियर पुरतो. तारेत वाया जाणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे अपव्यय २५ पटींनी घटतो. कर्ण्यापाशी लहान ट्रान्सफॉर्मर बसवायचा की झाले. बारीक तारेवर अख्खी वेस जोडली गेली ती या हिशेबामुळे.

(११)
परंतु अनेक कर्णे म्हणजे अनेक घुमारे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो, तर तारेतून संदेश तत्क्षणी पोहोचतो. ३४ मीटरवरच्या दुसऱ्या कर्ण्याचा आवाज त्याच्याजवळच्या श्रोत्याला व्यासपीठाच्या आवाजापेक्षा सेकंदाच्या दहाव्या भागाइतका आधी ऐकू येतो, आणि शब्दांवर शब्द चढतात. १९४९ मध्ये जर्मनीत हेल्मुट हास यांनी दाखवून दिले की दोन सारखे ध्वनी अगदी थोड्या अंतराने आले तर कान दोहोंना एकच समजतो आणि दिशा मात्र आधी आलेल्याची धरतो. म्हणजे मागच्या ध्वनिक्षेपकाला जाणूनबुजून किंचित उशीर करवला, तर श्रोत्याला आवाज वक्त्याकडूनच आल्यासारखा वाटतो.

(१२)
लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये १९५१ च्या सुमारास पार्किन आणि टेलर यांनी हे तत्त्व वापरले. उंच स्तंभाकार ध्वनिक्षेपक बसवले आणि फिरत्या चुंबकीय चाकावर आवाज नोंदवून, क्षणभराने वाचून, पुढे पाठवला. ज्या घुमटाखाली प्रवचन कळत नव्हते तेथे ते कळू लागले. आज हेच काम तळहाताएवढा संगणकीय संच करतो.

(१३)
स्तंभाचे गुपित असे की, एकावर एक रचलेले ध्वनिक्षेपक आवाज वर-खाली वाया न घालवता आडवा पसरवतात. १९९० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समधील भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्तियाँ हेल यांनी ‘व्ही-डॉस्क’ या संचाद्वारे ही कल्पना मोठ्या मैफलींसाठी परिपूर्ण केली. केळीच्या घडासारखी वक्र, टांगलेली जी रांग आज मोठ्या सोहळ्यांत व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना दिसते, ती हीच लाइन अ‍ॅरे. वरच्या पेट्या सरळ रोखून दूरच्या श्रोत्यांकडे पाहतात. खालच्या पेट्या झुकत झुकत जवळच्यांकडे वळतात.

(१४)
येथे इतिहासाला वजन येते, अगदी शब्दशः. फांदीवरचा कर्णा काही किलोंचा होता. आजची रांग शेकडो किलोंची असते आणि खाली माणसे बसलेली असतात. म्हणून टांगणीचे शास्त्र वेगळे उभे राहिले. साखळी, शॅकल, तारदोर यांपैकी प्रत्येकावर भार-मर्यादा कोरलेली असते आणि ती तुटण्याच्या मर्यादेपेक्षा कित्येक पटींनी कमी ठेवलेली असते. याशिवाय एक स्वतंत्र सुरक्षा-दोर दुसऱ्याच आधाराला बांधतात, आणि तो शक्य तितका ताठ ठेवतात. कारण काही इंच जरी वस्तू निखळून पडली, तरी बसणारा झटका तिच्या वजनाच्या अनेक पट असतो.

(१५)
दोन दोरांचा कोन हा नेहमी फसवणारा भाग. १०० किलोंची पेटी दोन उभ्या दोरांवर असेल तर प्रत्येकावर ५० किलो. दोरांमधला कोन ६० अंश केला तर प्रत्येकावर सुमारे ५८. कोन १२० अंश झाला की प्रत्येक दोर पूर्ण १०० किलो सोसतो, आणि १५० अंशांवर सुमारे १९३ किलो! उंची वाचवण्यासाठी दोर पसरट बांधणे म्हणजे वजन दुप्पट-चौपट करणे होय. मंडपाचा बांबू किंवा सजावटीचा पाइप या हिशेबात बसत नाही.

(१६)
म्हणून जाणत्या कारागिराचा क्रम ठरलेला असतो. प्रथम आधार कोणता आणि तो किती भार घेतो, ते पाहणे. मग जमिनीवरच पेट्या जोडून, कोन लावून, तारा तपासणे. खालची जागा मोकळी करून साखळी-पुलीने दोन्ही बाजू समान वेगाने वर नेणे. वर पोहोचल्यावर सुरक्षा-दोर बांधणे. अक्ष शेवटच्या रांगेवर रोखणे, मागच्या भिंतीवर नव्हे. त्यानंतर हळू आवाजात प्रत्येक पेटी स्वतंत्र ऐकणे, विलंब जुळवणे. आणि शेवटी स्वतः मैदानाच्या टोकापर्यंत चालत जाऊन ऐकणे. या क्रमातली कोणतीही पायरी शोभेची नाही.

(१७)
या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. ज्याला ऐकायचे नाही त्याच्या कानाचे काय? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकांवर बंधन आणले. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शांततेत जगण्याच्या हक्काला मान्यता दिली. बाहेर तोंड केलेला कर्णा अख्ख्या शिवाराला ऐकवतो. जमिनीवर रचलेली डीजेची भिंत जवळच्यांचे कान फाडते. नीट टांगलेला, खाली झुकवलेला ध्वनिक्षेपक मात्र मंडपातल्यांना पुरेसे आणि मंडपाबाहेरच्यांना कमीत कमी ऐकवतो. आजच्या वादावर तंत्राने दिलेले हे एक प्रामाणिक उत्तर आहे.

(१८)
या साधनाचा बराचसा इतिहास ग्रंथालयांत नाही. तो मंडपवाल्यांच्या गोदामात आणि घरच्या छायाचित्रांच्या पेटीत आहे. आपल्या गावात कर्णा पहिल्यांदा केव्हा आला, तो बॅटरीवर चाले की विजेवर, कोणत्या झाडाला वा खांबाला बांधला जाई, हे सांगणारे वृद्ध अजून आहेत. मित्रहो, त्यांना विचारा; छायाचित्रामागे साल आणि स्थळ लिहून ठेवा. जानेफळसारख्या गावाचा सार्वजनिक इतिहास लिहायचा, तर तेथे कोण बोलले याइतकेच मागच्या रांगेत काय ऐकू गेले, हेही लिहावे लागेल.