मंडईतलं आर्यन

पुण्यातलं पहिलं कायमचं चित्रपटगृह मंडईजवळ उभं राहिलं. गंगाधरपंत पाठकांनी १९१५च्या फेब्रुवारीत ‘आर्यन’ सुरू केलं. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षं होत होती. मंडई मात्र १८८६पासूनची. भाजी विकायला आणि घ्यायला आलेला माणूस दोन पावलांवर पडद्यासमोर जाऊन बसे.

आर्यनचा सगळ्यात मोठा दिवस माझ्या मते ७ फेब्रुवारी १९२०. त्या दिवशी तिथं बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ लागला. मी दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये टर्नर होतो, सगळी नोकरी लेथवर गेली. म्हणून मला त्या चित्रपटापेक्षाही त्याच्या कॅमेऱ्याचं अप्रूप जास्त. कोल्हापुरात बाबूरावांनी आणि त्यांच्या माणसांनी तो स्वतः घडवला. विष्णुपंत दामले त्यात होते. फिल्म एकसारखी सरकली पाहिजे, प्रत्येक चौकटीला क्षणभर थांबली पाहिजे, दात्यात केसाचाही फरक नको. नकाशा नाही, शिकवायला कुणी नाही, अशा वेळी असलं काम करणाऱ्या हातांना मी मनापासून नमस्कार करतो. कीचकवधाचा प्रसंग एवढा खरा उतरला की पुढे तो कापायला लागला. टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टिळक गेले. ज्या दामल्यांनी तो कॅमेरा जुळवायला हात लावला, तेच पुढे ‘प्रभात’च्या संस्थापकांपैकी एक झाले आणि १९३३मध्ये कंपनीबरोबर पुण्यात आले.

बोलपट आले, शहरात थिएटरं वाढली, आर्यन जुनं होत गेलं. १९७८मध्ये लोणावळा लोकल सुरू झाल्यावर आम्हा दापोडीकरांना पुणं जवळ आलं. पाळी सुटली की लोकलनं शिवाजीनगर, तिथून मंडई. घरी भाजीचं निमित्त. आधी भाजी घ्यायची, मग तिकीट. पिशवी पायाशी ठेवली की अंधारात मेथी-कोथिंबिरीचा वास यायचा, शेजारच्याच्या पिशवीत बहुधा मुळा असायचा. नवं चकचकीत थिएटर बघायला लोक दुसरीकडे जात. आमच्यासारख्या हातकाम करणाऱ्यांना, हमालांना, भाजीवाल्यांना इथं कपड्यांकडे कुणी बघत नाही हे महत्त्वाचं होतं.

१९८३मध्ये आर्यन बंद झालं. पुढे ते पाडलं आणि त्या जागी महापालिकेचा वाहनतळ झाला. मंडईत गाड्या लावायला जागा नव्हती, हे खरंच. वाहनतळाची गरज मी नाकारत नाही. पण ज्या जागेवर पुण्यानं पिक्चर बघायला सुरुवात केली, तिची एवढ्या सहज विल्हेवाट लागावी हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. प्रभातच्या स्टुडिओत १९६०मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट झाली, म्हणून ती जागा टिकली. चित्रपट बनवणाऱ्यांची वास्तू जपली गेली, बघणाऱ्यांची गेली.

आता दापोडीहून मेट्रोनं थेट मंडईला उतरता येतं. माझी महापालिकेला आणि मेट्रोला विनंती आहे: वाहनतळाच्या दर्शनी भिंतीवर आणि मंडई स्थानकात आर्यनचा इतिहास ठळक अक्षरांत मांडा. त्यात पाठकांचं नाव हवं, ‘सैरंध्री’ची तारीख हवी आणि १९१५ ते १९८३ ही सालं हवीत.