धूळपाटीपासून भ्रमणध्वनीपर्यंत : आपल्या जिल्ह्यातील शिक्षकांची साधने

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबांत निदान एक तरी व्यक्ती शिक्षकी पेशात आहे किंवा होती. अशा घरांतूनही अलीकडे एक तक्रार वारंवार कानी येते. ती अशी की, मास्तर वर्गात शिकवण्याऐवजी हातातल्या मोबाइलमध्येच मान घालून बसतात. या तक्रारीचा निवाडा करण्यापूर्वी बुलढाणा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकाच्या हाती कोणकोणती साधने आली व ती कोणाच्या कामी पडली, हे पाहणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच.

जुन्या काळी पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवायचे. चुकले तर हात फिरवून पुन्हा लिहावे. खर्च काहीच नाही. या साध्या साधनाची योग्यता परक्यांनाही पटली होती. अँड्र्यू बेल हा पाद्री मद्रासेतील अनाथ मुलांच्या शाळेचा कारभार पाहत असता त्याने देशी शाळेतील मुले वाळूवर अक्षरे गिरवताना पाहिली व ती रीत आपल्या शाळेत आणली. १७९७ साली त्याने आपल्या प्रयोगाचे पुस्तक लंडनात प्रसिद्ध केले आणि पुढे इंग्लंडातील गरिबांची मुलेही वाळूवर धडे गिरवू लागली.

१८५३ साली वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला. त्यानंतर सरकारी शाळांबरोबर दगडी पाटी, छापील क्रमिक पुस्तक, नकाशा आणि फळा ही साधने आली. यांत फळ्याचे महत्त्व विशेष होय. पंतोजी एकेका मुलाला जवळ बसवून शिकवीत. फळ्यामुळे साऱ्या वर्गाला एकाच वेळी एकच गोष्ट दाखविता येऊ लागली. पुढे राज्यव्यवस्था अनेकदा पालटली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. खडू व फळा मात्र कायम राहिले. त्यांच्या जोडीला दशक-एकक शिकविण्यासाठी काड्यांचे गठ्ठे, चिंचोके, मणी आणि पुठ्ठ्यावरचे तक्ते असत. हे साहित्य शिक्षक स्वतः तयार करी; त्यामुळे ते केव्हा काढावे व केव्हा ठेवावे, हे त्याला कोणी सांगावे लागत नसे. १९८७ साली केंद्र सरकारने जी योजना आरंभिली, तिचे नावच मराठीत ‘खडू-फळा’ असे पडले. स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षांनीही पुष्कळ शाळांना दोन खोल्या, दोन शिक्षक व धड फळा मिळवून द्यावा लागत होता, हे त्यावरून ध्यानी येते.

त्यापूर्वीच आकाशमार्गाने येणारी साधने दाराशी आली होती. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. १९८३ साली ‘इन्सॅट-१बी’ हा उपग्रह अवकाशात गेला आणि १९८४ साली शालेय दूरचित्रवाणी कार्यक्रमांसाठी पुण्यास ‘बालचित्रवाणी’ ही संस्था स्थापन झाली. तिने मुलांसाठी चांगले कार्यक्रम निर्माण केले. २०१७ साली ती बंद झाली. या साधनांत एक मोठी अडचण होती. कार्यक्रमाची वेळ दूरच्या शहरात ठरे. वर्ग त्या धड्यापर्यंत पोहोचला आहे की नाही, याची त्यास खबर नसे. एखाद्या मुलाला काही उमगले नाही, तर कार्यक्रम क्षणभर थांबविण्याची सोय शिक्षकाजवळ नव्हती. नेमकी त्याच वेळी वीज गेली, तर बोलणेच खुंटले.

मोबाइलने ही उणीव दूर केली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकास क्यूआर कोडची जोड दिली. २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले व त्याची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. २०१७ साली केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले आणि बालभारतीच्या पुस्तकांवरही तसे कोड आले. आता सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर तालुक्यातील मुलाला लोणारचे अशनिपाताने झालेले विवर वर्गात पाहता येते. शिक्षक चित्र थांबवतो, प्रश्न विचारतो, पुन्हा दाखवितो. येथे साधन पुन्हा त्याच्या हाती आले.

परंतु याच साधनाने दुसरी वाटही उघडली. पूर्वी हजेरीपट व नोंदवह्या शाळेच्या कपाटात असत आणि साहेब तपासणीस आले म्हणजे बाहेर निघत. २०१५ साली ‘सरल’ ही संगणकीय प्रणाली आली. प्रत्येक मुलाची माहिती, पोषण आहाराची रोजची संख्या, आधार क्रमांक, उपक्रमांची छायाचित्रे, सारे भरणे शिक्षकाकडे आले. आधार जुळलेल्या मुलांच्या संख्येवर संचमान्यता ठरू लागली. तेव्हा नावातील एखाद्या काना-मात्रेचा फरक काढणे, हा शिक्षकाचे पद टिकण्याचा प्रश्न झाला. दोन शिक्षकी शाळेत एकजण या कामी बसला, तर चार वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. सारांश, मास्तर मोबाइलमध्ये मान घालून बसतात, हे पुष्कळदा खरे आहे. परंतु त्या वेळी ते बहुधा कचेरीचे काम करीत असतात. शाळेत कारकून नाही, हे त्याचे मूळ.

२०२० च्या महामारीने आणखी एक धडा दिला. शाळा बंद झाल्या, पाठ मोबाइलवर आले. ज्या घरी एकच फोन व तोही वडिलांबरोबर शेतात, तेथील मूल मागे राहिले. अशा वेळी ज्या शिक्षकांनी वहीत स्वाध्याय लिहून दिले व पारावर, ओसरीवर चार मुले बसवून शिकविले, त्यांच्याच मुलांचा अक्षराशी संबंध टिकला.

ज्ञातिबांधवांस विनंती दोन गोष्टींची. आपल्यापैकी अनेक दाते गावच्या शाळेस संगणक किंवा मोठा पडदा भेट देतात. हे स्तुत्य आहे. मात्र भेटीबरोबर विजेच्या देयकाचा व दुरुस्तीचा भारही उचलावा, नाहीतर तो पडदा धूळ खात राहतो. दुसरे, शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांनी केंद्रनिहाय एक माहिती-कारकून मिळावा, असा ठराव करून वरिष्ठांकडे पाठवावा. शिक्षकाचा दिवसातील एक तास त्यामुळे मोकळा झाला, तर तो तास आपल्याच मुलांच्या वाट्याला येईल.