कोंबडी आणि कायदा

खानदेशच्या इतिहासावर पुष्कळांनी लिहिले आहे. इथे फारुकी झाले, मोगल झाले, मराठे झाले, इंग्रज झाले. 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले आणि 1960 साली त्या तुकड्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली. पण या सगळ्या धामधुमीत खानदेशातल्या परसातली कोंबडी काय करत होती, याची दखल कोणी घेतलेली नाही. ती मी घेणार आहे. याला कारण माझी मावशी.

मावशी जळगाव जिल्ह्यात तापीकाठच्या एका खेड्यात राहायची. परसात सहा कोंबड्या, एक कोंबडा आणि भोवती पऱ्हाट्यांचे कुंपण. कुंपणापलीकडे तात्या, आणि तात्यांचा कुत्रा वाघ्या. 2005 सालच्या दिवाळीत वाघ्याने कुंपणाखालची माती उकरून मावशीची चांगली अंड्यावरची कोंबडी पळवली. मावशी ओंजळभर पिसे घेऊन तात्यांच्या दारात उभी राहिली. वाघ्या तिथेच जिभल्या चाटत पडला होता.

तात्या म्हणाले, "मना कुत्रा गरीब शे, वहिनी. तो कोंबडीकडे देखत बी नही."

"देखस कशाले? डोळा मिटीसन खास तो!" मावशी म्हणाली.

झाले! चाळीस वर्षांचा शेजार, पण त्या दिवसापासून बोलणे बंद. वांग्याचे भरीत कुंपणावरून इकडून तिकडे जायचे, तेही बंद.

मी तेव्हा धुळ्याला कारकून होतो. म्हणजे मावशीच्या हिशेबी बॅरिस्टरच. तात्यांवर कुठले कलम लागते ते शोधून काढ, असा तिचा निरोप आला आणि मी पुस्तके उघडली.

कुत्र्याचा इतिहास मात्र भरगच्च निघाला. मुंबईत कंपनी सरकार मोकाट कुत्री मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे देत असे. 1832 च्या जूनमध्ये पारशी मंडळी याविरुद्ध रस्त्यावर उतरली, दंगल झाली, दुकाने बंद पडली. कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीचा शिधासुद्धा अडला. आता सांगा, कोंबडीसाठी आजवर कोणी एक तरी दुकान बंद ठेवले आहे? उलट तिच्यासाठी ती उघडतात!

मग 1860 चे दंडविधान पाहिले. जनावराचा बंदोबस्त न ठेवणाऱ्या मालकाला कलम 289 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद. मला उकळी फुटली. पुढे वाचले तर धोका माणसाच्या जिवाला हवा, निदान जबर दुखापतीचा तरी हवा. मावशीला दुखापत झाली होती, पण ती मनाला. (2024 पासून नवी न्याय संहिता लागू झाली. कलम 291 झाले, दंड वाढला, कोंबडी होती तिथेच राहिली.)

शेवटचा आधार म्हणजे कोंडवाड्याचा 1871 चा कायदा. त्यातली जनावरांची यादी वाचताना ऊर भरून येतो. हत्ती आहे, उंट आहे, म्हैस, घोडा, खेचर, गाढव, डुक्कर, शेळी, करडूसुद्धा आहे. कुत्रा नाही. म्हणजे तात्यांच्या हत्तीने मावशीची मेथी खाल्ली असती तर त्याला कोंडवाड्यात नेता आले असते. पण तात्यांकडे हत्ती नव्हता.

गावातल्या एका शहाण्याने भाकरीत विष घालायचा सल्ला दिला. मी कलम 428 वाचून दाखवले. दहा रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचे जनावर ठार केले तर दोन वर्षांपर्यंत कैद! वाघ्याची किंमत दहा रुपये भरेल याबद्दल मावशीला शंका होती. पण विषाचे नाव काढताच ती त्या शहाण्यावरच उसळली. मुक्या जिवाचा काय दोष? त्याला बांधायचे काम माणसाचे, असे तिचे म्हणणे.

कायदा संपला तेव्हा मावशीने गवंडी बोलावला. पऱ्हाट्या गेल्या आणि बारीक जाळी आली. ती हातभर जमिनीत पुरली आणि वर दगड रचले, म्हणजे उकरणाऱ्याच्या पंजाला दगड लागावेत. वरूनही जाळी घातली. खुराड्याला नाकाने ढकलून उघडणार नाही अशी कडी बसवली. दिवे लागायच्या आत कोंबड्या मोजून आत घ्यायच्या आणि कडी लावायची, हा नेम झाला. वाघ्या पलीकडे बसून जाळीचा अभ्यास करायचा. एकही कोंबडी पुन्हा गेली नाही.

मग 2006 साल उजाडले. 18 फेब्रुवारीला नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू सापडल्याचे जाहीर झाले. देशातली ही पहिलीच खेप. नवापूर आता नंदुरबारात असले, तरी 1998 पर्यंत ते आमच्या धुळ्यातलेच. तिथल्या पोल्ट्र्या रिकाम्या झाल्या. मार्चमध्ये हा रोग जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांच्या परसांत निघाला. मावशीचे गाव सरकारने आखलेल्या वर्तुळात आले.

ज्या सरकारच्या पुस्तकात मला कोंबडी सापडली नव्हती, त्या सरकारला मावशीच्या कोंबड्या बरोबर सापडल्या. पांढरे झगे आणि तोंडावर मास्क घातलेली माणसे आली. रोग माणसाला होऊ नये म्हणून करावे लागते, असे त्यांनी समजावून सांगितले. ते खरेच होते. मावशीने स्वतःच्या हाताने कडी काढून दिली. पाच कोंबड्या, एक कोंबडा. कागदावर अंगठा झाला, भरपाईची नोंद झाली.

त्या संध्याकाळी मी तिथेच होतो. दिवे लागायच्या वेळी मावशी सवयीने उठली, परसात गेली आणि रिकाम्या खुराड्याला कडी लावून आली. मी काही बोललो नाही.

तेवढ्यात जाळीपलीकडून खाकरल्याचा आवाज आला. तात्या होते. वाघ्या दावणीला बांधलेला होता. दिवाळीपासून रोज संध्याकाळी तो बांधला जात होता, हे मला तेव्हा कळले. मावशीला बहुतेक माहीत असावे.

"वहिनी," तात्या म्हणाले, "आते कुत्रा सोडू का?"

मावशीने पदराने डोळे पुसले.

"नको," ती म्हणाली. "बांधेलच राहू दे. मी परत कोंबड्या आनसू."

आणि आत जाऊन तिने भरताचा वाडगा आणला. जाळी उंच होती, म्हणून तो मलाच फिरून दारातून नेऊन द्यावा लागला.