स्मृतिसन्मान, वैज्ञानिकांचा

दिवंगत सहकाऱ्याविषयीचा आदर शास्त्रज्ञसमुदायाने नामकरण, स्मृतिव्याख्यान वा चरित्रलेख यांच्या द्वारे व्यक्त करण्याची प्रथा. उज्जयिनीची वेधशाळा सवाई जयसिंगाने उभारली असली, तरी तिला नाव लाभले ते शिंदे घराण्यातील जिवाजीरावांचे. सरकारदफ्तरी मान आधी आश्रयदात्याचा, मग कर्त्याचा! होमी भाभा यांचे २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान-अपघातात निधन झाल्यावर मात्र मुंबईतील तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्रास १९६७ साली त्यांचेच नाव देण्यात आले, आणि चंद्रावरील एक विवरही त्यांच्या नावे ओळखले जाते. तथापि लंडनच्या रॉयल सोसायटीने १९६७ मध्येच प्रसिद्ध केलेला, लॉर्ड पेनी यांनी लिहिलेला भाभांचा चरित्रलेख हा, संशोधनाचा रीतसर परामर्श घेणारा असल्याने, या सर्वांहून अधिक शास्त्रोचित सन्मान होय.