अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकलची टेस्ट राइड

अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकलची टेस्ट राइड (चाचणी फेरी) म्हणजे डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोहोंसाठी बनवलेली, परंतु चालकाला पूर्वपरिचय नसलेली मोटारसायकल खरेदीपूर्वी प्रत्यक्ष चालवून पाहणे होय. विक्रेत्याने दिलेल्या गाडीवर ही फेरी होते. गाडीचा वेग किंवा शक्ती आजमावण्यापेक्षा चालकाची शरीरयष्टी, गाडीची बांधणी आणि रोजचा रस्ता यांचा मेळ बसतो का, हे पाहणे हा तिचा मुख्य उद्देश असतो. महाराष्ट्रातील रत्नागिरी जिल्ह्यात सागरी रस्ते, सह्याद्रीतील घाट, जांभ्याचे सडे आणि खाड्यांवरील फेरीबोटी थोड्या अंतरात आढळतात. त्यामुळे अशा गाडीचे गुणदोष येथे लवकर लक्षात येतात.

## पार्श्वभूमी

अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकल या प्रकाराची सुरुवात सामान्यतः बीएमडब्ल्यू कंपनीच्या १९८० सालच्या आर ८० जी/एस या गाडीपासून मानली जाते. नावातील 'जी' आणि 'एस' ही अक्षरे 'कच्चा भूभाग' आणि 'रस्ता' या अर्थांच्या जर्मन शब्दांची आद्याक्षरे आहेत. १९८१ साली फ्रेंच चालक उबेर ओरिओल यांनी बीएमडब्ल्यूच्या गाडीवर पॅरिस–डकार शर्यत जिंकल्यानंतर या प्रकाराला प्रसिद्धी मिळाली.

भारतात हा प्रकार सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात येण्यास बराच काळ लागला. रॉयल एनफील्डची हिमालयन २०१६ साली आणि हीरोची एक्सपल्स २०० ही २०१९ साली बाजारात आली. ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीची ३९० अ‍ॅडव्हेंचर जानेवारी २०२० मध्ये भारतात विक्रीस आली. तिचे उत्पादन पुणे जिल्ह्यातील चाकण येथे बजाज ऑटोच्या कारखान्यात होते. बजाजने २००७ साली केटीएममध्ये भागभांडवल घेतले होते. या गाड्यांमुळे, पूर्वी १०० ते १५० सीसीच्या मोटारसायकली वापरणारा चालकवर्ग प्रथमच उंच, जड आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे असलेल्या गाड्यांकडे वळला. टेस्ट राइडचे महत्त्व वाढण्यामागे हे एक प्रमुख कारण आहे.

वाहनाच्या तांत्रिक मान्यतेसाठी होणारी चाचणी याहून वेगळी असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार नव्या वाहनाच्या नमुन्याची तपासणी अधिकृत संस्थेकडून करून घ्यावी लागते. १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही अशा संस्थांपैकी एक आहे. या तपासणीतून गाडी नियमांत बसते की नाही ते ठरते. ती विशिष्ट चालकास सोयीची आहे का, याचा निर्णय त्यातून होत नाही.

## नेहमीच्या मोटारसायकलीपासून फरक

भारतात विक्रीस आलेल्या काही गाड्यांची मूळ वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे होती.

| गाडी | वर्ष | इंजिन | आसनाची उंची | पुढचे चाक |
|---|---|---|---|---|
| हीरो एक्सपल्स २०० | २०१९ | १९९.६ सीसी | ८२३ मिमी | २१ इंच |
| केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर | २०२० | ३७३ सीसी | ८५५ मिमी | १९ इंच |
| रॉयल एनफील्ड हिमालयन ४५० | २०२३ | ४५२ सीसी | ८२५–८४५ मिमी | २१ इंच |

### उंची आणि वजन

या गाड्यांचे आसन उंच असते आणि वजनही नेहमीच्या मोटारसायकलीपेक्षा वरच्या भागात एकवटलेले असते. २०२० सालच्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरचे वजन १७७ किलोग्रॅम, तर हिमालयन ४५० चे १९६ किलोग्रॅम आहे. चालू गाडीत हे वजन फारसे जाणवत नाही. थांबताना, वळवताना आणि उभी करताना ते जाणवते. आसनाच्या उंचीचा आकडा एकटा पुरेसा नसतो. आसनाची रुंदी आणि चालक बसल्यावर शॉक अ‍ॅब्सॉर्बर किती दबतो, यांवरही पाय टेकणे अवलंबून असते. रस्त्याच्या कडेला उतार असल्यास सपाट जागी टेकणारा पाय अधांतरी राहतो आणि गाडी त्या बाजूला कलंडते. अपरिचित गाडी पडण्याचे प्रसंग वेगापेक्षा अशा थांबण्याच्या क्षणी येण्याची शक्यता मोठी असते.

### चाके आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर

मोठे पुढचे चाक खड्ड्यावरून आणि दगडावरून सहज जाते. मात्र गाडीला वळणात झुकवण्यास थोडा अधिक वेळ लागतो. शॉक अ‍ॅब्सॉर्बरची हालचाल अधिक लांब असल्याने जोरात ब्रेक दाबल्यावर गाडीचा पुढचा भाग ठळकपणे खाली झुकतो. साध्या मोटारसायकलीची सवय असलेल्या चालकास हा दोष वाटू शकतो, परंतु तो या बांधणीचा स्वाभाविक परिणाम आहे. रुंद हँडलमुळे कमी वेगात गाडी वळवणे सोपे जाते, तसेच पायदानांवर उभे राहून चालवताना तोल सांभाळता येतो.

### ब्रेक आणि एबीएस

१२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एबीएस बसवणे भारतात नव्या मॉडेलसाठी १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून उत्पादनात असलेल्या मॉडेलसाठी १ एप्रिल २०१९ पासून बंधनकारक झाले. ही यंत्रणा ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ देत नाही. सुट्या खडीवर मात्र एबीएसमुळे थांबण्याचे अंतर वाढू शकते. म्हणून केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर व हिमालयन ४५० यांसारख्या गाड्यांत मागच्या चाकाचा एबीएस बंद करण्याची सोय आहे. आधीच्या चालकाने कोणता पर्याय निवडून ठेवला आहे, हे पडद्यावर पाहिल्याशिवाय नव्या चालकास कळत नाही. ही तपासणी फेरी सुरू होण्यापूर्वीच करणे आवश्यक मानले जाते.

### गिअर आणि सवय

भारतातील दुचाकींवर गिअरची रचना पूर्वी एकसारखी नव्हती. जुन्या बुलेटवर गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे, तर हीरो होंडा स्प्लेंडरसारख्या गाड्यांवर सर्व गिअर खाली दाबून पडत. आधुनिक अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकलींवर डाव्या पायाने पहिला गिअर खाली आणि उरलेले वर अशी रचना असते. अनेक वर्षे एकच गाडी चालवलेल्या माणसाचा पाय आणीबाणीच्या क्षणी जुन्या सवयीनुसार हलतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. पाय चुकीच्या दिशेला गेल्यास गमावलेला एक सेकंद एवढ्या अंतराचा असतो.

## फेरीचे टप्पे

टेस्ट राइड सामान्यतः उभ्या गाडीपासून सुरू होते. स्टँडवरून गाडी काढणे, इंजिन बंद ठेवून ती काही पावले ढकलणे व वळवणे, आरसे आणि ब्रेक-क्लचच्या दांड्या हाताच्या मापास जुळतात का ते पाहणे, या गोष्टी चालवण्यापूर्वीच्या आहेत. ज्या चालकास उभी गाडी हाताने वळवता येत नाही, त्यास ती चढावरील अरुंद वाटेवर फिरवणे अधिक कठीण जाते.

दुसऱ्या टप्प्यात मोकळ्या जागेत पायी चालण्याच्या वेगाने गाडी चालवली जाते. अर्धा क्लच आणि मागचा ब्रेक यांच्या मदतीने तोल राखत अरुंद वळण घेणे येथे पाहिले जाते. तिसऱ्या टप्प्यात मध्यम वेगातून क्रमाक्रमाने अधिक जोर लावून ब्रेक तपासले जातात. रहदारीचा रस्ता, घाट आणि कच्ची वाट हे टप्पे त्यानंतर येतात. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने सुरुवातीच्या अंतरात गाडी फार झुकवली जात नाही.

## रत्नागिरी जिल्ह्यातील रस्ते

रत्नागिरी जिल्हा पूर्वेस सह्याद्री आणि पश्चिमेस अरबी समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत वसला आहे. त्यामुळे समुद्रसपाटीपासून घाटमाथ्यापर्यंतचे सर्व प्रकारचे रस्ते एका दिवसाच्या फेरीत येतात.

* '''सागरी रस्ता :''' रत्नागिरी ते गणपतीपुळे हा आरे-वारे मार्गाने जाणारा रस्ता समुद्रालगत चढउतार आणि वळणे घेत जातो. वळणातील गाडीचा तोल आणि किनाऱ्यावरील आडवा वारा येथे अनुभवता येतो. उंच गाडीवर व काचेच्या आवरणावर वाऱ्याचा परिणाम अधिक होतो.
* '''महामार्ग :''' हातखंबा येथे रत्नागिरी–कोल्हापूर मार्ग मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्ग ६६ ला मिळतो. दीर्घकाळ चाललेल्या चौपदरीकरणामुळे या महामार्गावर सिमेंटचा रस्ता, पर्यायी वळणरस्ते आणि खडी एकापाठोपाठ एक लागण्याचा अनुभव प्रवाशांना आला आहे.
* '''घाट :''' राष्ट्रीय महामार्ग १६६ साखरप्यानंतर आंबा घाटातून कोल्हापूर जिल्ह्यात जातो. जिल्ह्याच्या उत्तर भागात चिपळूणहून कराडकडे जाणारा कुंभार्ली घाट आहे. उतारावर केवळ ब्रेकवर अवलंबून न राहता खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या साहाय्याने वेग रोखता येतो का, हे घाटात कळते.
* '''सडे आणि पाखाड्या :''' जांभ्याच्या उघड्या पठारास कोकणात सडा म्हणतात. त्यावरील वाटा खडबडीत व सुट्या दगडांच्या असतात. वाड्यांमधून जाणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्यांच्या पाखाड्या पादचाऱ्यांसाठी असून त्या टेस्ट राइडची जागा नव्हेत.
* '''फेरीबोटी :''' जयगड–तवसाळ आणि दाभोळ–धोपावे या फेरीबोटींवर दुचाकी चढवताना ओल्या, उतरत्या लोखंडी फळीवरून अत्यंत कमी वेगात जावे लागते. बोटीवर गाडी आवरणे हा उंचीच्या व वजनाच्या दृष्टीने कसोटीचा भाग ठरतो.

### पावसाळा

जिल्ह्यात वार्षिक पाऊस ३,००० मिलिमीटरहून अधिक असून त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या काळात पडतो. या काळात जांभ्यावर शेवाळ धरते, तांबडी माती वाहून डांबरी रस्त्यावर येते आणि घाटांत दरडी कोसळतात. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही. कोरड्या दिवसांत उत्तम वाटलेले टायर या चार महिन्यांत अपुरे ठरू शकतात. म्हणून वर्षभर वापरासाठी गाडी घेणाऱ्या कोकणातील ग्राहकाच्या दृष्टीने ओल्या रस्त्यावरील ब्रेकची चाचणी महत्त्वाची असते. मात्र ती कमी वेगात आणि रहदारी नसलेल्या जागीच करणे सुरक्षित असते.

## कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३ नुसार वाहन चालवण्यासाठी त्या प्रकारचा वैध परवाना आवश्यक आहे. अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकलीसाठी तो गिअर असलेल्या मोटारसायकलीचा असावा लागतो. कलम १२९ नुसार चालक आणि मागे बसणारा यांना हेल्मेट, तर कलम १४६ नुसार वाहनास त्रयस्थ पक्षाचा विमा बंधनकारक आहे. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटवर भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणचिन्ह असणे सक्तीचे आहे. फेरी लहान असल्याने यांपैकी कोणत्याही तरतुदीतून सूट मिळत नाही.

प्रात्यक्षिकाची गाडी विक्रेत्याच्या नावे नोंदवलेली असू शकते. रत्नागिरीत नोंदवलेल्या वाहनांचा क्रमांक 'एमएच ०८' ने सुरू होतो. नोंदणी न झालेली गाडी रस्त्यावर आणण्यासाठी विक्रेत्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दिलेले व्यवसाय प्रमाणपत्र असावे लागते. फेरीत गाडीचे नुकसान झाल्यास खर्च कोणी सोसायचा, हे विम्याच्या अटींवर आणि ग्राहकाने सही केलेल्या अर्जावर अवलंबून असते. सही करण्यापूर्वी हा मजकूर वाचणे ग्राहकाच्या हिताचे असते.

## मर्यादा

टेस्ट राइडमधून मिळणारे चित्र अपुरे राहण्याची काही ठरावीक कारणे आहेत. प्रात्यक्षिकाच्या गाडीच्या टाकीत अनेकदा थोडेच पेट्रोल असते. केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरची १४.५ लिटरची टाकी भरल्यास सुमारे ११ किलोग्रॅम आणि हिमालयन ४५० ची १७ लिटरची टाकी भरल्यास सुमारे १३ किलोग्रॅम पेट्रोल मावते, आणि हे वजन गाडीच्या वरच्या भागात असते. मागे बसणारी व्यक्ती आणि सामान यांच्या भाराने मागचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर दबतो, हेडलाइटचा झोत वर जातो आणि वळणातील वागणूक बदलते. एकट्याने मारलेल्या फेरीत यांपैकी काहीच दिसत नाही. आसनाचा कठीणपणा आणि दमट हवेत पायाशी लागणारी इंजिनाची उष्णता तासाभरानंतरच जाणवते.

याउलट, पहिल्या फेरीत जाणवणारा अवघडलेपणा हा नेहमीच गाडीचा दोष नसतो. उंच आसन व रुंद हँडल यांची सवय काही दिवसांत होते. पाय न टेकणे किंवा उभी गाडी न पेलणे या अडचणी मात्र केवळ सवयीने दूर होतीलच असे नाही. त्यासाठी कमी उंचीचे आसन किंवा दुसरी गाडी निवडावी लागते. सवयीने सुटणारी अडचण आणि न सुटणारी अडचण यांतील भेद ओळखता येणे, हे टेस्ट राइडचे सर्वांत उपयुक्त फलित मानता येते.

## हेही पहा

* रत्नागिरी जिल्हा
* आंबा घाट
* राष्ट्रीय महामार्ग ६६
* बजाज ऑटो